साउथ शील्ड्सचे अकरा दिवस: माझ्या मामाच्या ॲस्बेस्टॉस भरपाईचं प्रकरण

मी म्हापशात एका वकिलांच्या ऑफिसात गेली पंधरा वर्षं कामगारांचे कागद करतो. ग्रॅच्युइटी, पीएफ, खाणीवरच्या ट्रकांचे अपघात, बार्जवर हात गेलेला माणूस असलं सगळं. तरी माझ्या सख्ख्या मामाचं प्रकरण हातात आलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मला सुरुवात कुठून करायची तेच कळेना, कारण आजार एक होता पण त्याला लागू होणारे कायदे तीन होते, भारताचा, इंग्लंडचा आणि स्कॉटलंडचा. हो, इंग्लंड आणि स्कॉटलंड वेगळे. मलाही आधी वाटायचं यूके म्हणजे एकच कायदा. तसं नाही, आणि ह्या प्रकरणात सगळा फरक तिथंच पडला. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितोय, नावं कुणाचीच देणार नाही.

मामाचा जन्म १९५० चा, पेडणे तालुक्यातला. विसाव्या वर्षी मुंबईला गेला, गिरगावात नातेवाइकांकडे राहिला, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढली आणि १९७१ ते १९७९ ब्रिटिश झेंड्याच्या मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होता. आधी आगवाला, मग तेलवाला. परत आला तो १९८० ला वास्कोच्या बाजूच्या एका जहाज दुरुस्ती यार्डात लागला, फिटर म्हणून, आणि १९९८ ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला, म्हणजे बागायत बघू लागला. सिगरेट कधी ओढली नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्सरे काढला, त्यात काहीतरी दिसलं म्हणून सीटी केला. रिपोर्टात लिहिलं होतं की दोन्ही बाजूंना फुफ्फुसाच्या आवरणावर चुना साठलेले चट्टे आहेत, म्हणजे प्लुरल प्लाक. डॉक्टर म्हणाले ह्यानं काही होत नाही, विसरून जा. मामा विसरला. आम्हीही विसरलो. हा रिपोर्ट पुढं किती महाग पडणार होता ह्याची कुणाला कल्पनाच नव्हती.

२०२१ च्या चवथीला मामा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला स्टुलावर चढला आणि दोन सुपाऱ्यांचे घोस बांधून खाली उतरून बसला, श्वास पुरेना. जो माणूस दरवर्षी एकट्यानं अख्खी माटोळी बांधायचा. छातीत पाणी निघालं, काढलं, परत भरलं. एका ठिकाणी टीबी समजून औषधं सुरू झाली, आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच डोक्यात येतो. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं, मेसोथेलिओमा. हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, आणि तो जवळपास ॲस्बेस्टॉसमुळंच होतो. धूळ आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुतेकदा तीस-चाळीस वर्षं जातात. म्हणजे १९७०-८० च्या दशकातली धूळ २०२१ च्या चवथीला वर आली.

घरात पहिला प्रश्न आला तो "किती मिळतील?" हा प्रश्न मी रोज ऐकतो आणि तो साहजिक आहे, औषधांची बिलं समोर असतात. पण ॲस्बेस्टॉसच्या केसमध्ये हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी तीन प्रश्न. धूळ कुठं खाल्ली, कधी खाल्ली, आणि त्यातून नेमका कुठला आजार झाला. प्लाक, ॲस्बेस्टॉसिस (धुळीनं फुफ्फुस घट्ट होत जाणं) आणि मेसोथेलिओमा हे तिन्ही त्याच धुळीनं होतात, तिन्हींचा हिशोब वेगळा, आणि प्रत्येक देशात परत वेगळा.

आधी आपल्या घरच्या कायद्याचं सांगतो. मामाचं प्रकरण १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली आलं (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय). ह्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी होती, तिसरं परिशिष्ट. ॲस्बेस्टॉसमुळं होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा भाग ब मध्ये, ॲस्बेस्टॉसिस भाग क मध्ये. अक्षर एकच बदलतं पण भाग क मधल्या आजाराला एकापेक्षा जास्त मालक असतील तर कमिशनर (ह्या कायद्याखालचे दावे चालवणारा अधिकारी) त्यांच्यात वाटणी करू शकायचा, भाग ब मध्ये एका मालकाकडं सलग सहा महिने नोकरी झाल्याचं दाखवावं लागायचं. मामाची यार्डात अठरा वर्षं झाली होती, तो प्रश्न नव्हता.

प्रश्न होता वेळेचा. अर्ज दोन वर्षांत करायचा, आणि नोकरी सोडल्यावर आजार निघाला तर लक्षणं नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली असतील तरच कायदा लक्षणं दिसली तो दिवस अपघाताचा दिवस म्हणून सरळ धरायचा. दोन वर्षं! ज्या आजाराला वर यायला तीस वर्षं लागतात त्याला दोन वर्षांची मुदत. मला ह्याचा प्रचंड राग आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण ह्या एका वाक्यामुळं कितीतरी माणसं अर्जच करत नाहीत, आमच्यासारख्या ऑफिसातले लोकही "मुदत गेली हो" म्हणून परत पाठवतात. पण ते पूर्ण खरं नाही. नोकरी संपल्यानंतर आजार झाला आणि तो त्या नोकरीतूनच आला हे सिद्ध केलं तर तोही अपघात मानला जातो अशी तरतूद त्याच कायद्यात होती, आणि पुरेसं कारण असेल तर कमिशनर उशीर माफ करू शकायचा. म्हणून अर्ज करायचा. आणि १९९५ च्या दुरुस्तीपासून अर्ज तुम्ही राहता तिथल्या कमिशनरकडंही करता यायचा, त्यामुळं पेडण्याच्या आजारी माणसाला दर तारखेला वास्कोला जायची गरज उरली नाही.

आता आकडा. फॉर्म्युला असा होता: कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ६५ आणि पुढच्या वयाला गुणक ९९.३७. मामाचा शेवटचा पगार होता ६,२०० रुपये. ६० टक्के म्हणजे ३,७२०, गुणिले ९९.३७, झाले ३,६९,६५६ रुपये. मृत्यू झाला तर ५० टक्के, म्हणजे ३,१०० गुणिले ९९.३७, ३,०८,०४७. वर वेळेत न दिल्यास १२ टक्के व्याज आणि काही वेळा ५० टक्क्यांपर्यंत दंड. पण मालक म्हणणार अपघाताची तारीख नोकरीतली धरा, १९९८ किंवा त्याआधीची, कारण तेव्हा हिशोबाला कमाल पगार २,००० रुपयेच धरायचे, मग १९९८ धरली तरी रक्कम दोन लाखांच्या खाली जाते. आपण म्हणणार तारीख २०२२, निदानाची, तेव्हाची कमाल मर्यादा १५,००० होती त्यामुळं खरा पगार पूर्ण धरला जातो. फॉर्म्युला तोच, तारीख बदलली की रक्कम अर्ध्यावर येते. म्हणून सांगतो, आकडा शेवटी काढायचा, आधी तारखेवर भांडायचं.

अजून एक गोष्ट. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला सांगितलं होतं की कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. मामाचं गणित घाला: १९८० अधिक ४० म्हणजे २०२०. १९९८ अधिक १५ म्हणजे २०१३. नंतरचं २०२०. आणि आजार कळला २०२२ ला. दोन वर्षांनी हुकलं. यार्डाकडं मागितलं तर उत्तर आलं की आमच्याकडं रेकॉर्ड नाही आणि आमच्या इथं ॲस्बेस्टॉस वापरलाच जात नव्हता, आणि आम्ही ॲस्बेस्टॉस उद्योगही नाही. मामाबरोबर काम केलेले दोघे जिवंत होते, एक चिखलीचा, एक सावंतवाडीकडचा, त्यांची प्रतिज्ञापत्रं घेतली. त्यात पाइपवरचं जुनं लॅगिंग (उष्णता अडवायला लावलेलं ॲस्बेस्टॉसचं आवरण) हातोडीनं फोडून काढायचे, तोंडाला गमछा बांधायचे, वाऱ्यानं पीठ उडायचं हे सगळं आहे.

आता विलायतेची बाजू. इथं माझा मामेभाऊ कामाला आला, तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला, तिथल्या गोंयकारांपैकीच एक, त्यानं तिथला सॉलिसिटर, म्हणजे वकील, गाठला. सॉलिसिटरनं पहिल्याच फोनवर सांगितलं, पैशांचं नंतर बोलू, मला जहाजांची नावं, ती कुठल्या बंदरात नोंदलेली होती आणि कुठल्या धक्क्यावर कुठल्या तारखेला होती ते द्या. मी चक्रावलो. सीडीसीत चढल्या-उतरल्याचे शिक्के असतात, मधल्या धक्क्यांचे नसतात.

मामा तेव्हा बोलू शकत होता. सोप्यावर आरामखुर्चीत बसून, नळी लावलेली, बाजूला पाण्याची बाटली, तो मला एकेक जहाज सांगायचा आणि मी लिहायचो. १९७४ चा हिवाळा ग्लासगोला, ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून जहाज दुरुस्त करायच्या गोदीत, अडतीस दिवस, बॉयलरचं सगळं जुनं लॅगिंग उतरवलं आणि राडा भरून वर न्यायचं काम ह्यांच्याकडं. तो म्हणाला क्लाइड नदीवर तेव्हा थंडी एवढी होती की इंजिनरूमच्या राड्यात बसणं बरं वाटायचं. मग १९७६ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीवर साउथ शील्ड्सला अकरा दिवस, मेन स्टीम पाइपचं लॅगिंग बदललं. बाकी समुद्रावर, गरम इंजिनरूममध्ये, रोज.

आता बघा, ग्लासगो म्हणजे स्कॉटलंड, साउथ शील्ड्स म्हणजे इंग्लंड. आणि भर समुद्रावर जहाजाच्या आतल्या गोष्टीला झेंड्याचा कायदा, पण ब्रिटिश झेंड्याखाली दोन-तीन कायदे असल्यामुळं जहाज कुठल्या बंदरात नोंदलंय ते बघतात. मामाकडं एक फोटो होता, डेकवरून खाली उतरून धक्क्यावर उभा असताना कुणीतरी काढलेला, मागं जहाजाचा पार्श्वभाग, नावाखाली बंदराचं नाव लिहिलेलं असतं त्यातली शेवटची अक्षरं तेवढी दिसतात, "पूल". लिव्हरपूल. म्हणजे इंग्लंडचा कायदा. मी तो फोटो भिंगातून कितीदा बघितला असेन. नंतर जुन्या जहाजांच्या रजिस्टरमधून तेच निघालं.

ह्या दोन कायद्यांत मोठा फरक प्लाकचा आहे. १७ ऑक्टोबर २००७ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) रॉथवेलच्या प्रकरणात ठरवलं की प्लाक म्हणजे फक्त खूण, त्यानं माणसाला त्रास होत नाही, म्हणून त्याची नुकसानभरपाई नाही. स्कॉटलंडच्या पार्लमेंटला ते पटलं नाही, त्यांनी २००९ चा कायदा करून सांगितलं की आमच्याकडं प्लाक ही इजा आहे आणि भरपाई मिळणार. विमा कंपन्या कोर्टात गेल्या, २०११ मध्ये यूके सुप्रीम कोर्टानं तो कायदा कायम ठेवला. उत्तर आयर्लंडनंही २०११ ला तसाच कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र प्लाकला आजही भरपाई नाही. एकाच राज्यात, एका सीमेच्या अलीकडं पैसे आणि पलीकडं काही नाही. आणि धूळ १९९६ च्या मे महिन्याआधीची असेल तर जुना दुहेरी नियम लागतो, म्हणजे जिथं केस टाकली तिथल्या आणि जिथं चूक घडली तिथल्या, दोन्ही कायद्यांत ती दाव्यालायक पाहिजे. म्हणून ग्लासगोच्या धुळीच्या प्लाकसाठी इंग्लंडच्या कोर्टात गेलात तर शून्य. साउथ शील्ड्सच्या धुळीसाठी स्कॉटलंडच्या कोर्टात गेलात तरी शून्य. स्कॉटलंडची धूळ आणि स्कॉटलंडचं कोर्ट दोन्ही पाहिजे.

ऐकून मामेभाऊ खूश झाला, म्हणाला मग स्कॉटलंडलाच जाऊ, अडतीस दिवस तिथले, धूळही तिथंच जास्त. त्यात दुसरंही आकर्षण होतं. मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये शोकाची जी भरपाई आहे ती ठरलेली रक्कम, १५,१२० पौंड, आणि ती नवरा-बायको किंवा तसं दोन वर्षं एकत्र राहिलेला जोडीदार, अज्ञान मुलाचे आईबाप एवढ्यांनाच. सज्ञान मुलांना काही नाही. स्कॉटलंडच्या २०११ च्या कायद्यात बायको, मुलं, भावंडं, नातवंडं सगळे येतात आणि प्रत्येकाचं दुःख वेगळं मोजतात. शिवाय २००७ पासून तिथं मेसोथेलिओमाच्या माणसानं जिवंतपणी तडजोड केली तरी नातेवाइकांचा नंतरचा हक्क जात नाही. मला स्वतःला ही पद्धत जास्त माणसाची वाटते. मामाची नात रोज शाळेतून येऊन त्याच्या पायाशी बसायची, तिचं काहीच नाही गेलं का?

पण सॉलिसिटरनं थांबवलं, आणि कारण होतं २०१९ चा तो सीटी रिपोर्ट. दोन्हीकडं मुदत तीन वर्षांची, कळल्यापासून. पण काय कळल्यापासून? इंग्लंडमध्ये प्लाकला दावाच नाही, म्हणून घड्याळ मेसोथेलिओमा कळला तेव्हापासून, एप्रिल २०२२ पासून. स्कॉटलंडमध्ये प्लाकला दावा आहे, आणि इनर हाउसच्या, म्हणजे तिथल्या अपील कोर्टाच्या, पाच न्यायाधीशांच्या २०१० च्या निकालानं असं मानलं गेलंय की एका चुकीचा दावा एकच, घड्याळ पहिल्या दखल घेण्याजोग्या इजेपासून चालू. म्हणजे फेब्रुवारी २०१९. तीन वर्षं फेब्रुवारी २०२२ ला संपली. कॅन्सर कळला त्याच्या दोन महिने नंतर! ज्या कायद्यानं प्लाकवाल्यांवर उपकार केला तोच कायदा प्लाकचा कागद घरात पडून असलेल्या आणि नंतर कॅन्सर झालेल्या माणसाच्या मुदतीवर येतो. कोर्टाला न्यायाच्या दृष्टीनं मुदत माफ करायचा अधिकार आहे, आणि "विसरून जा" म्हटलेल्या माणसाला कळलं होतं असं म्हणायचं का हाही मुद्दा होता, पण ते सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. मी तो सीटी रिपोर्ट परत काढून वाचला. खाली मामाची सही, रिपोर्ट मिळाला म्हणून. तारीखसह.

तेव्हा साउथ शील्ड्स पुढं आलं. मेसोथेलिओमाच्या बाबतीत विज्ञान सांगू शकत नाही की कुठल्या मालकाच्या धुळीनं गाठ सुरू झाली. २००२ मध्ये फेअरचाइल्डच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं की ज्यानं निष्काळजीपणानं धोका लक्षणीय वाढवला तो जबाबदार. मे २००६ मध्ये बार्करच्या प्रकरणात त्यांनीच म्हटलं की मग प्रत्येकानं आपापल्या वाट्यापुरतंच द्यावं. कामगार संघटना पेटल्या आणि त्याच वर्षी जुलैत पार्लमेंटनं कॉम्पेन्सेशन ॲक्टचं कलम ३ आणलं, मेसोथेलिओमात प्रत्येक दोषी मालक पूर्ण रकमेला जबाबदार, त्यानं बाकीच्यांकडून नंतर वसूल करावं, ते आजारी माणसाचं काम नाही. म्हणजे अकरा दिवसांची धूळ अगदीच नगण्य नाही एवढं सिद्ध झालं की त्या अकरा दिवसांवर अख्खी भरपाई उभी राहते, वास्कोची अठरा वर्षं मध्ये असली तरी. (ॲस्बेस्टॉसिस असता तर असं झालं नसतं. तो धुळीच्या प्रमाणात वाढतो म्हणून तिथं प्रत्येक मालक आपल्या वर्षांपुरतं देतो, अकरा दिवसांचं जवळपास काहीच आलं नसतं.)

मग त्या अकरा दिवसांचा पुरावा. जहाज कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, तिच्या विमावाल्यांचं म्हणणं, चालू इंजिनरूममध्ये लॅगिंग शाबूत असतं, धूळ नव्हती, आणि जहाज तिथं थांबलं होतं ह्यालाही आधार नाही. आम्हाला कळलं की १९५१ ते १९७६ च्या ब्रिटिश जहाजांच्या क्रू लिस्टांचा मोठा भाग, सत्तर टक्क्यांच्या आसपास, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहे. पेडण्याच्या माणसाचा कागद न्यूफाउंडलंडला! मागवला, मिळाला, जहाज टाइनवर आल्या-गेल्याच्या तारखा त्यात होत्या. पण आत काय काम चाललं होतं ते त्यात नव्हतं.

ते मामीनं दिलं. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत मामाची सगळी निळी एअरोग्रॅम होती, रबर लावून, वर्षाप्रमाणं. ऑक्टोबर १९७६ चं एक काढलं. साउथ शील्ड्सचा पोस्टाचा शिक्का. मराठीत, बारीक अक्षरात, कडेनंही लिहिलेलं. "इथे सध्या पाइपांची कापडे काढतात, सगळीकडे पांढरे पीठ उडते, कपडे झटकले तरी जात नाही, जेवणात पण येते. सारंग म्हणतो पाणी मारू नका, उशीर होतो." (सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम.) खाली लिहिलंय, ह्या चवथीला मी नव्हतो, पुढच्या चवथीला माटोळी मीच बांधणार. मामीनं ते पत्र मला दिलं तेव्हा एवढंच विचारलं, परत मिळेल ना. मूळ पत्र मी हातातून सोडलं नाही, नोटरीकडं खरी प्रत काढली, अधिकृत अनुवाद करून घेतला. "पाणी मारू नका" हे वाक्य सॉलिसिटरनं दोनदा वाचायला लावलं, कारण ओलं करून लॅगिंग काढायचं हे तिथं माहीत असलेलं संरक्षण होतं, १९६९ च्या ॲस्बेस्टॉस नियमांनंतर तर कुणी "माहीत नव्हतं" म्हणू शकत नव्हतं.

मामा जून २०२३ मध्ये गेला. दावा चालू होता, आणि तो जाताच दाव्याचं रूप बदललं. इंग्लंडच्या कायद्यात त्यानं सोसलेलं दुखणं हे त्याच्या मालमत्तेत जातं, अवलंबून असलेल्यांचं नुकसान वेगळं. म्हणजे त्या पहिल्या भागाचा वारस कोण हे सांगावं लागतं, आणि इथं चौथा कायदा आला, गोव्याचा. आमच्याकडं लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक, त्यामुळं मामी निम्म्या हिश्श्याची मालकीण, मग मुलांचा वाटा. तिकडचे लोक "प्रोबेट आणा", म्हणजे वारसहक्काचा कोर्टाचा कागद आणा, म्हणत राहिले, मी त्यांना समजावत राहिलो की आमच्याकडं नोटरीसमोर वारसाचा दस्त होतो, २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली. शेवटी तो दस्त, त्याचा अनुवाद आणि त्यावर तिथल्या प्रोबेट रजिस्ट्रीकडून हुकूम, असं चार महिने गेले. आपल्या १९२३ च्या कायद्यात उलट, मृत्यूची भरपाई वारसांना जात नाही, अवलंबितांना जाते, आणि वाटणी कमिशनर करतो. एकच घर, दोन देशांच्या यादीत नावं वेगळी. स्विंडनचा कमावता मुलगा एका यादीत आहे, दुसरीत नाही.

अजून एक फरक सांगतो, मला तो सगळ्यात जास्त लागला. मामी चौदा महिने रात्री उठायची. एक दिवसाआड नळीतून पाणी काढायची, बाटलीवर खडूनं रेघ मारायची, किती आलं ते वहीत लिहायची, ४००, ६५०, ३००. सॉलिसिटरनं ती वही मागितली, कारण इंग्लंडच्या कायद्यात घरच्यांनी फुकट केलेल्या शुश्रूषेचेही तास मोजतात आणि ते पैसे करणाऱ्यासाठी असतात. आपल्या कायद्यात औषधांचा प्रत्यक्ष खर्च मिळतो, बिल असलं तर. बाईच्या जागरणाला रकाना नाही. मामीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्याचे कसले पैसे? पण वही तिनंच शोधून दिली.

इंग्लंडचा दावा गेल्या वर्षी तडजोडीत मिटला, साउथ शील्ड्स आणि समुद्रावरच्या काळावर, इंग्लंडच्या कायद्यानं. ग्लासगोचे अडतीस दिवस दाव्यात घातलेच नाहीत. रक्कम लिहीत नाही, ती घरची गोष्ट आहे. विमावालेच सापडले नसते तर २०१४ च्या कायद्याची तिथली योजना होती, २५ जुलै २०१२ किंवा नंतर निदान झालेल्या आणि मालक-विमा न सापडणाऱ्या मेसोथेलिओमाच्या लोकांसाठी, तिचा अर्जही आम्ही तयार ठेवला होता. नातीला आणि मुलांना शोकाचं काही मिळालं नाही, मामीला तो ठरलेला आकडा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत हे आम्ही इथल्या कमिशनरसमोरही उघड लिहून दिलंय, कारण ते लपवून केस चालवणं मला जमणार नाही.

इथली केस चालूच आहे. उशीर माफीचा अर्ज मंजूर झाला, तेवढ्याला चौदा तारखा लागल्या. यार्डाचं म्हणणं तेच, इथं ॲस्बेस्टॉस नव्हता. चिखलीचे जे साक्षीदार होते त्यांना आता धाप लागते, मी त्यांना सीटी करून घ्या म्हटलंय आणि रिपोर्ट घेताना सही करायच्या आधी मला फोन करा म्हणूनही सांगितलंय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात, त्यांची उलटतपासणी आहे. मामी येणार आहे. मूळ एअरोग्रॅम परत तिच्या ट्रंकेत आहे, त्या तारखेला लागेल म्हणून ती ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतः घेऊन येणार, माझ्याकडं द्यायला तयार नाही.